गाता आलं, तर चाल कमी

साताऱ्याच्या सदाशिव पेठेत भूगोलाचे एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. वय 71. सगळी पेठ त्यांना गुरुजी म्हणे. नद्या उपनद्यांसकट तोंडपाठ, जुन्या विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांकसुद्धा ध्यानात. शेजारी निवृत्त पोस्टमन अण्णा. गुरुजी त्यांना कौतुकाने, पण जरा वरूनच, ‘पायाचा माणूस’ म्हणायचे. स्वतः अर्थातच डोक्याचे!

पुढे एकदा गुरुजींनी किराण्याचे पैसे दोनदा दिले. दुकानदार भला, त्याने परत केले. मग चहाचं आधण गॅसवर ठेवून ते विसरले आणि भांडं करपलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, काही बोलल्या नाहीत, मुकाट्याने भांडं घासत बसल्या. गुरुजींना तेच जास्त लागलं.

दुखणं डोक्याचं, म्हणून उपायही डोक्यालाच. भिजवलेले बदाम झाले, ब्राह्मीचं तेल झालं, शब्दकोडी झाली, सुडोकू झालं. सुडोकूच्या पुस्तकातल्या चौकटी खोडरबराने इतक्या झिजल्या, की मागच्या पानावरचे आकडे पुढे दिसू लागले. कोडी भराभर सुटू लागली. दुधाचा हिशेब मात्र चुकायचा तो चुकतच राहिला. ज्याचा सराव, त्यात हात बसतो. सुडोकूने सुडोकू येतं.

शेवटी काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई त्यांचीच विद्यार्थिनी. तिने आधी रक्तदाब पाहिला, बी-12 आणि थायरॉइडच्या तपासण्या करवल्या. विसरभोळेपणाचं मूळ कधीकधी तिथेच सापडतं आणि ते औषधाने बरं होतं. गुरुजींचं बी-12 थोडं कमी निघालं. त्याची इंजेक्शनं लिहून देत तिने विचारलं, “गुरुजी, चालणं किती?”

“रोज दोन तास!” गुरुजी ताठ बसले. “चार भिंती स्मारकाच्या वाटेला जातो.”

“धाप कधी लागते?”

“धाप? ती कशाला लागेल?”

काकूंना हसू आवरेना. “अगं, दोन तासांतला दीड तास कट्ट्यावर जातो. महागाई भत्त्याचा फरक कधी मिळणार, यावर! आणि जाता-येता नाट्यपदं चालू असतात.”

“मग ते फिरणं झालं, व्यायाम नाही झाला,” डॉक्टर म्हणाली. “चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं, तर चाल कमी.”

गुरुजी मुळात मास्तर. पुरावा मागितल्याशिवाय कसे ऐकतील? तिने सांगितला. 2011 साली अमेरिकेत 120 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे 55 ते 80 वयाचे, बैठ्या सवयीचे, पण स्मृतिभ्रंश नसलेले. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस भरभर चालवलं, निम्म्यांना ताणाचे आणि तोलाचे व्यायाम दिले. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी पक्क्या करायचं काम त्याचं, आणि उतारवयात तो आक्रसत जातो. वर्षभरानंतर चालणाऱ्यांच्यात त्याचं आकारमान सुमारे 2 टक्क्यांनी वाढलं होतं. दुसऱ्या गटात 1.4 टक्क्यांनी घटलं होतं.

“आणि स्मरणशक्ती?” गुरुजींनी नेमकं बोट ठेवलं.

“चाचणीत दोन्ही गट थोडे सुधारले. चालणाऱ्यांतही ज्यांचा तो भाग जास्त वाढला, त्यांची सुधारणा जास्त. हमी मी देत नाही, गुरुजी. पण बदामांच्या बाजूने मला एवढंही सांगता येणार नाही.”

हे उत्तर गुरुजींना पटलं. हमी देणाऱ्यांवर त्यांचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता.

प्रश्न होता सोबतीचा. काकूंचे गुडघे साथ देईनात, कट्ट्यावरची मंडळी कट्टा सोडेनात. उरले अण्णा. त्यांच्या दारात उभं राहून “मला बरोबर न्याल का?” एवढं विचारायला गुरुजींना तीन-चार दिवस लागले. ज्याला आयुष्यभर पायाचा माणूस म्हटलं, त्याच्याकडेच पाय मागायचे होते.

अण्णांनी कसलाही टोमणा मारला नाही. “उद्या सहाला. वहाणा नकोत, बूट घाला.”

डॉक्टरने त्या अभ्यासातलंच वेळापत्रक दिलं होतं: पहिल्या आठवड्यात 10 मिनिटं, मग दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत सातव्यात 40. पहिल्या दिवशी अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढाला गुरुजींचा आवाजच गेला. अण्णांनी चाल कमी केली आणि वाटेवरच्या घरांची माहिती देऊ लागले: इथे कोण राहत असे, कुणाच्या मनिऑर्डरी कुठून येत. पायाच्या माणसाकडे अख्खा गाव घरवार पाठ होता. गुरुजी ऐकत राहिले. दम नसल्यामुळे का होईना, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवयही त्यांना तिथेच लागली.

सहा महिने गेले. गुरुजी चष्मा अजून शोधतात, नावं अजून अडतात. पण दुधाचा हिशेब सलग दोन महिने बिनचूक लागला. त्याचं श्रेय इंजेक्शनांना किती, चालण्याला किती, हे डॉक्टरही सांगत नाही.

परवा त्याच चढावर गुरुजींच्या तोंडून नकळत नाट्यपदाची ओळ बाहेर पडली. थेट शेवटापर्यंत, दम न तुटता. ते खुशीत अण्णांकडे बघू लागले.

“गाता येतंय?” अण्णा म्हणाले. “मग उचला पाय.”

कट्ट्यावरचे दोघे हल्ली त्यांच्याबरोबर पुढे जातात. बाकीचे अजून महागाई भत्त्याच्या फरकावरच आहेत.