आधी नाक

केनवडच्या शिवारात सोयाबीनचं निंदण सुरू झालं की बायांचे गुडघे बोलू लागतात. उकिडवं बसायचं, पुढं सरकायचं, पुन्हा बसायचं. एखादीचा पाय चिखलात घसरतो, गुडघा पिरगळतो, आतली गादी फाटते. तरी "चालते बाप्पा" म्हणत हंगाम निघतो. अशाच एखाद्या बाईनं लेकीच्या लग्नाआधी फाटलेली कानाची पाळी शिवून घ्यायचं मनात आणलं, की ओट्यावरचं बोलणं ठरलेलं: "पाय धड नाही अन् कान शिवाले चालली!"

दुखतं ते आधी, दिसतं ते मग, असा बोलणाऱ्यांचा हिशेब. मला तो पटत नाही.

कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी १७९२च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत तो सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं, एक हातही तोडला गेला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाकडून त्यानं नवं नाक करून घेतलं. त्या कारागिरानं मेणाच्या पातळ पत्र्यानं नाकाचं माप घेतलं, ते कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवली, भुवयांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर ती जिवंत ठेवून खाली वळवली आणि कातानं चिकटवली. चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'नं ही हकिकत चित्रासह छापली, आणि पुढं १८१४मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्यानं तिकडं तीच रीत वापरली. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कावसजीचं नाक अजून मानानं बसलेलं आहे.

त्याच्या हाताबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. बैल जुंपायला, कासरा ओढायला हातच लागतो. नाकावाचून ते अडत नाही. पण हात परत मिळणार नव्हता, नाक मिळणार होतं. शिवाय नाक कापणाऱ्यांचा हेतूच मुळी माणसाला चारचौघांत तोंड दाखवता येऊ नये असा असतो. जे दुरुस्त होण्यासारखं होतं ते त्यानं करून घेतलं. त्याला हौशी म्हणायची माझी तरी छाती होत नाही.

कानाची पाळी ही नाकापुढं किरकोळ बाब, कबूल. पण त्या बाईचंही गणित तेच आहे. गुडघ्याला महिनोन्‌महिने व्यायाम, विश्रांती, कदाचित दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि एवढं करून निंदणाला पूर्वीसारखं बसता येईल याची हमी नाही. कानाला जागेपुरती भूल, थोडे टाके, त्याच दिवशी घरी. (नवरदेवानं डोक्यावर केस लावून घेतले तर त्याच्या पाठदुखीची चौकशी कुणी करत नाही, हेही नोंदवून ठेवतो.)

ओट्यावरच्या बायांची एक शंका मात्र खरी असते, फक्त ती टोमण्यात हरवते. शरीर एकच आहे. गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळीनं टाक्यातून रक्त जास्त वाहू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करणंही धोक्याचं. कानाऐवजी पोटाची चरबी काढण्यासारखं मोठं काम असेल तर प्रकरण आणखी अवघड: आधीच दुखावलेला पाय, त्यात पडून राहणं, म्हणजे पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती; आणि वॉकरवर भार टाकला की ताण थेट ताज्या टाक्यांवर. म्हणून कानाच्या डॉक्टरला गुडघा सांगायचा आणि हाडांच्या डॉक्टरला कान. आपल्याकडे नेमकं हेच लाजेपोटी राहून जातं, कारण घरूनच हसं झालेलं असतं.

टाके निघाल्यावर पाळीला पुन्हा भोक पाडायला दीडदोन महिने तरी थांबावं लागतं, कधी जास्त. लग्न वैशाखातलं असेल तर माघात कान शिवायला हवा. तोवर तूर घरात आलेली असते, हातात थोडा पैसा असतो, आणि कोरडवाहू रानात गुडघ्याला विसावा मिळण्याजोगे दिवसही तेच.