सदोष रूळ आणि यादीत नसलेले नाव

छत्तीसगडातील भिलाई येथे पोलादाचे काय करावे हे माणसास चांगले कळते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि कोक यांपासून निघालेल्या लोखंडाचे तेथे रेल्वेसाठी रूळ होतात. झोतभट्टीला रात्र नाही आणि एकादशीही नाही. एकदा पेटली म्हणजे ती वर्षानुवर्षे चालते व माणसांना तिच्या सोयीने तीन पाळ्यांत जागावे लागते. काळ पूर्वी पंचांगात राहत असे. तेथे तो पाळीपत्रकात राहावयास गेला आहे.

तयार रुळाच्या अंतरंगाची ध्वनिलहरींनी तपासणी होते. डोळ्यांना न दिसणारी चीरही तीत सापडते. असा रूळ आगगाडीखाली जात नाही. पण त्याच्यावर कोणी रागावत नाही, शेजारच्या रुळाचे उदाहरण त्याला देत नाही, की नातेवाइकांना काय सांगावे म्हणून कोणाची झोप उडत नाही. तो भंगारात जातो आणि भंगार पुन्हा पोलादाच्या भट्टीत पडते.

याच गावी मुलांना आय.आय.टी.च्या प्रवेशपरीक्षेस बसविण्याचा मोठा प्रघात आहे. २०१६ पासून तर भिलाईच्या नावाचीच एक आय.आय.टी. आहे. २०२४ साली अशा तेवीस संस्थांतील सर्व जागा अठरा हजारांच्या आत होत्या आणि पहिल्या परीक्षेस बसणारे दहा लाखांहून अधिक. म्हणजे बहुतेकांस जागा न मिळणे हे अपयश नव्हे, साधे गणित आहे. तरी प्रत्येक घरी निकाल येतो तो जणू त्या एकाच घरावर कोसळल्यासारखा. आठ तास सदोष माल शांतपणे बाजूस काढणाऱ्या गृहस्थाची मती मुलापुढे कुंठित होते. पानावर बसून कोणी बोलत नाही. शेवटी एक वाक्य निघतेच : “वर्ष फुकट गेले.”

वर्षाची सारी किंमत निकालात असेल, तर उत्तीर्ण मुलाच्या वर्षाला तरी स्वतःची किंमत कोणती? तेही पुढल्या परीक्षेचे तिकीटच. ती परीक्षा नोकरीसाठी, नोकरी बढतीसाठी, आणि बढती मिळते न मिळते तोच साठावे वर्ष उभे! मग पाळी नसतानाही पहाटे दचकून उठणारा मनुष्य अंगणात येऊन उभा राहतो.

परीक्षा सैल करावी असा याचा अर्थ नाही. चिरलेला रूळ दयेपोटी पास केला तर गाडी घसरेल. परंतु रुळाचे माप रूळ होण्यापूर्वीच ठरलेले असते. गाडी वाहण्यावाचून त्याला दुसरा हेतू नाही. मुलगा काही परीक्षेसाठी जन्मास आलेला नसतो. त्याने वर्षभर मित्राला गणित समजावले असेल, आजीला रोज दवाखान्यात नेले असेल. या गोष्टींस रकाना नाही, एवढेच.

गीतेतील फलत्यागाचा विचार अशा वेळी घरोघरी आठवतो. अर्जुनाला तो युद्धास तोंड लागण्यापूर्वी सांगितला गेला. घरी मात्र तो निकालानंतर, आणि तोही यादीत नाव नसलेल्यालाच ऐकविण्यात येतो. ज्याचे नाव आले त्याच्याकडे त्या दिवशी पेढे असतात.