काश्यप परत फिरला तेव्हा

कुंभकोणमपासून सहाएक किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् आहे. नवग्रहांच्या यात्रेतलं हे राहूचं क्षेत्र. राहुकाळात राहूच्या मूर्तीवर दुधाचा अभिषेक होतो आणि ओघळताना ते दूध निळसर दिसतं, ते पाहायला लोक दुरून येतात. मुख्य दैवत मात्र शिव, नागनाथस्वामी. आदिशेष, तक्षक आणि कर्कोटक या नागांनी इथे त्याची पूजा केली, असं स्थळपुराण सांगतं. तक्षकाचं नाव निघालं की परीक्षित आठवतो. पण या कथेत आणखी एक माणूस आहे, ज्याच्याविषयी आपण फारसं बोलत नाही. तो म्हणजे काश्यप.

आदिपर्वातली हकीकत अशी. परीक्षिताला सातव्या दिवशी तक्षक दंश करील असा शाप आहे. विष उतरवण्याची विद्या जाणणारा काश्यप हस्तिनापुराकडे निघतो. राजाला वाचवावं आणि धन मिळवावं, असे दोन्ही हेतू त्याच्या मनात आहेत. वाटेत म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या वेशात तक्षक भेटतो आणि त्याची परीक्षा घेतो. तो एका वडाला डसतो, वड जळून राख होतो. काश्यप ती राख गोळा करतो. तिच्यातून आधी कोंब, मग दोन पानं, मग फांद्या, असा तो वड पुन्हा उभा करतो. तक्षक ओळखतो की हा माणूस पोचला तर आपलं काम फसलं. तो विचारतो, राजाकडून जे मिळेल त्याहून जास्त मी दिलं तर? काश्यप ध्यान लावून पाहतो, राजाचं आयुष्य सरल्याचं त्याला दिसतं, तो धन घेतो आणि परत फिरतो.

लढाईत मंत्र वापरणाऱ्यांच्या बऱ्यावाईटाचा विचार आपण पुष्कळ केला आहे. ब्रह्मास्त्र सोडणारा अश्वत्थामा शापित होऊन भटकतो. पण ज्याची विद्या मारण्याची नाहीच, त्याचं काय? अस्त्र जाणणाऱ्याचा दोष ते वापरण्यात असतो. उतारा जाणणाऱ्याचा दोष तो न वापरण्यात असतो. आणि न वापरल्याची खूण कुठे उरत नाही.

एका आधुनिक खेळातही या विद्येची जागा अशीच दुय्यम राहिली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. मेजाभोवती बसून एकेकाने एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. त्यात मंत्र जाणणारी पात्रं असतात. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत वैद्यकी, झाडपाला, प्राचीन भाषा, दुसऱ्याचा मंत्र ओळखण्याची कला अशा कौशल्यांची यादी होती. तिचं नाव होतं ‘नॉनवेपन प्रोफिशिअन्सीज’. म्हणजे जे जे शस्त्र नव्हे, ते सगळं एका नकाराखाली गोळा केलेलं. पण त्या मेजावर एक गोष्ट आपोआप होते. विष उतरवण्याचा मंत्र येत असून कोणी गप्प बसला, तर बाकीचे खेळाडू त्याला तिथेच धारेवर धरतात. काश्यप रानवाटेवर एकटा होता. तिथे त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

त्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. पहिली, विद्या त्याची. ती कोणाला किती मोलाने द्यायची हे त्यानेच ठरवायचं. पण इथे विकली गेली ती विद्या नव्हे. तक्षकाला ती नकोच होती. त्याने विकत घेतली ती काश्यपाची गैरहजेरी. दुसरी बाजू अधिक अवघड आहे. राजाचं आयुष्यच संपलं होतं, मग जाऊन काय उपयोग? हे त्याला खरंच दिसलं असेल. पण ज्याने नुकतीच राख हिरवी केली, त्याने ‘आता इलाज नाही’ म्हणावं, तेही जास्त मोल समोर असताना, हे मनाला पटत नाही. निदान करणाऱ्याला निदानातूनच लाभ होत असेल, तर ते निदान खरं असलं तरी पुरेसं नसतं.

महाभारताने या प्रसंगात एक साक्षीदार ठेवला आहे. वाळलेली लाकडं तोडायला एक माणूस त्या वडावर चढला होता. झाडाबरोबर तोही जळाला, झाडाबरोबर तोही जगला, आणि नगरात येऊन त्याने हे सगळं सांगितलं. त्याच्यामुळेच ही गोष्ट मंत्र्यांना आणि पुढे जनमेजयाला कळली. काश्यपाच्या विद्येने वाचलेला कथेतला हा एकमेव माणूस, आणि तो तिथे आहे याचा काश्यपाला पत्ताही नव्हता. ऐकून जनमेजय पेटतो तो तक्षकावर. सर्पसत्र होतं, असंख्य साप जळतात, आस्तीक येऊन ते थांबवतो. काश्यपाला मात्र कोणी बोलावून विचारत नाही.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत साप उतरवणाऱ्या मांत्रिकासाठी उलटा संकेत होता. बोलावणं आलं की ताटावरून उठून निघायचं आणि पैसा घ्यायचा नाही. घेतला तर मंत्र निघून जातो. नीती चोख होती, इलाज मात्र खोटा. त्याने माणसं मरत. म्हणूनच सर्पदंश झालेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला. काश्यपाकडे इलाज खरा होता, नीती कमी पडली. दोन्हीकडे शेवटी रोगी मरतो. त्यामुळे ‘विद्यावंत चांगला असावा’ एवढी अपेक्षा पुरेशी नाही.

काश्यपाला विकत घेता आलं, कारण विद्या त्याच्या एकट्याकडे होती. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांनी धन्वंतरी महालात औषधांची पारख करवून ती तमिळ पद्यात लिहून ठेवली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावरचा इलाज ‘लॅन्सेट’मध्ये छापला. तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळांची १९७८मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था सापांचं विष काढून लशीसाठी पुरवते. उघड झालेल्या, वाटल्या गेलेल्या ज्ञानाला वाटेत गाठून परत पाठवणं तक्षकालाही जमणार नाही.

तरी २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. लस होती, पण ती लागली त्या वेळी, लागली तिथे पोचली नाही. आज काश्यप कोणी एक माणूस नाही. रात्री बंद असलेलं आरोग्यकेंद्र, रिकामा फ्रीज, ‘पुढे न्या’ म्हणणारा आवाज, या सगळ्यांत तो वाटला गेला आहे, आणि त्याला विचारणारं अजूनही कोणी नाही. जळून जगलेल्या त्या लाकूडतोड्याने नगरात येऊन सांगितलं, तेवढं तरी आपल्याला करता येईल.