राव

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात बोट उलटली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट, मध्येच वादळ सुटलं. सहा माणसं गेली. आमचं गाव कळस, ते कळाशी; पण लांबच्या पाहुण्यांच्या कानाला दोन्ही सारखंच. त्या रात्री फोनवर फोन आले. "तुमच्याकडंच झालं म्हणं? सगळी हायत ना नीट?" प्रत्येकाला सांगत होतो की कळस वेगळं, कळाशी वेगळं, आम्ही सगळे घरात आहोत.

शेवटचा फोन ठेवला तेव्हा माझी नऊ वर्षांची लेक जागीच होती. त्या बोटीतला एक माणूस पोहत काठाला लागला होता, ते तिनं ऐकलं होतं. तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही असता तर पोहत आला असता का?"

मला पोहता येत नाही. ही गोष्ट कळसमध्ये नवलाची, कारण माझे वडील, आण्णा, म्हणजे आमच्या भागातल्या दोन पिढ्यांचे पोहण्याचे गुरू. आमची विहीर सहा परस खोल, दगडी बांधणीची. मोट गेली त्याला जमाना झाला, पण थारोळं अजून शाबूत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांची रांग लागायची. आधी पांगाऱ्याचा बिंडा कमरेला, मग पत्र्याचा डबा आला, आता प्लास्टिकचा कॅन. आण्णांची शिकवण्याची पद्धत मात्र बदलली नाही. पोराला थारोळ्यावर उभं करायचं, पाठीला डबा आवळायचा आणि बोलता बोलता मागून ढकलायचं. "पाण्यात पडला की पाणीच शिकवतं," असं ते म्हणायचे, आणि शंभरातली नव्वद पोरं खरंच शिकायची.

मी उरलेल्या दहांतला. सहा वर्षांचा होतो. चुलतभाऊ खाली पोहत होता, त्याच्याकडं बघत उभा होतो, आणि पाठीवर हात पडला. डब्याची दोरी सरकली. आण्णांनी लगेच उडी टाकून मला वर काढलं, छातीशी धरलं, दिवसभर खांद्यावरून खाली उतरू दिलं नाही. माया कमी नव्हती त्यांची, कधीच नव्हती. पण दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेलो नाही, आणि पुढं पस्तीस वर्षं गेलो नाही. मोटारीचा फुटवॉल अडकला तरी दुसऱ्याला उतरवत आलो. पोरगं मुळातच भित्रं निघालं, असं आण्णा धरून चालले, आणि मी त्यांना कधी खोडलं नाही.

त्या दिवाळीत पाडव्याला रुईला बाबीरबुवाच्या यात्रेला जाऊन आलो, भाऊबीज उरकली, गुरांची सोय शेजारच्या काकूंवर सोपवली आणि गोव्याला निघालो. फलटण, सातारा, कोल्हापूर, आजरा, मग आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी. पेडणे तालुक्यातल्या हरमलला मुक्काम होता. तिथं लाटांवर फळी घेऊन खेळायला शिकवतात, हे लेकीनं मोबाईलवर बघून ठेवलेलं. तिनं हट्ट धरला. आण्णा म्हणाले, "मग मी बी. पाणी ते पाणी."

शिकवणारा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. तिथल्याच रापणकाराच्या घरातला. आजोबा किनाऱ्यावरून जाळं ओढायचे, हा पर्यटकांना लाट शिकवतो. शाळेतलं मराठी चांगलं, पण घाईत कोंकणी यायचं तोंडात. त्यानं दोघांपुढं एक-एक फळी ठेवली. उभं राहायची लांबलचक फळी वेगळी. ही आखूड, पोटावर झोपून धरायची. माझ्या लेकीच्या छातीपर्यंत येणारी, फोमची, खालून गुळगुळीत. एक गुंडाळीची दोरी फळीला, दुसरं टोक दंडाला.

"ही कुणी काढली?" आण्णांनी विचारलं. शेतकऱ्याला अवजार दिसलं की हा प्रश्न येतोच.

मुलाला ठाऊक होतं. हवाई बेटांवर लोक शेकडो वर्षं लाकडी फळ्यांवर पालथं झोपून लाटा घेत. पण ही फोमची फळी १९७१ मध्ये टॉम मोरे नावाच्या अमेरिकन माणसानं तिथंच तयार केली. स्वयंपाकघरातल्या विजेच्या सुरीनं फोम कापला आणि वर वर्तमानपत्राचा कागद ठेवून इस्त्री फिरवून त्याला आकार दिला. आण्णांचा चेहरा उजळला. "म्हंजे आमचा बिंडाच की!"

मग त्या मुलानं त्यांना वाळूवर पालथं झोपवलं. पाण्याचा थेंब नाही आणि अर्धा तास वाळूतच. छाती कुठं, कंबर कुठं, कोपर कसं, पाय कसे मारायचे. पोटाचा भार पुढं गेला की फळीचं नाक बुडतं आणि माणूस डोक्यावरून जातो. मागं राहिला की लाट खालून निसटून जाते. नाक पाण्याच्या वर दोन-चार बोटं हवं. त्यानं वाळूवर बोटानं उतार काढून दाखवला. लाट लांबून येते तेव्हा पाणी पुढं सरकत नाही, जागीच वरखाली होतं. उथळाला आली की तिचा पाय तळाला घासतो, डोकं मात्र त्याच वेगात पुढं. बांधाला पाय अडखळलेला माणूस पडावा तशी ती पडते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की फुटायला लागते. नवख्यानं फुटून गेलेल्या लाटेचा फेसच घ्यायचा, आणि कमरेपेक्षा खोल जायचं नाही.

मला हे सगळं फार आवडलं. कुणीतरी पाण्याची कारणं सांगत होतं. सहाव्या वर्षी मला ती कुणी सांगितली नव्हती.

आण्णा मात्र चुळबुळत होते. "आरं पोरा, वाळूत काय पोहणं शिकवतोस? मी पन्नास वर्षं पाण्यात हाय."

"काका, तुमच्या विहिरीत पाणी चालतं?"

"चालतं कुठलं? हुबं असतं."

"हे चालतं," तो म्हणाला, आणि पुढचं सांगायला लागला. समुद्राची ओढ लागली, पाय सुटून आत जायला लागलो, तर काठाकडं सरळ पोहायचं नाही. दमून बुडतात ते तसेच. फळी सोडायची नाही, हात वर करायचा, आणि पोहायचंच झालं तर काठाला समांतर, बाजूला, ओढ संपेपर्यंत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच राहायचं; २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर नेमलेले 'दृष्टी'चे जीवरक्षक तिथं नजर ठेवून असतात. आण्णा ऐकत होते, पण पटत नव्हतं हे दिसत होतं. विहिरीत कुठूनही काठ जवळच असतो. पन्नास वर्षांची सवय सांगते, काठ दिसला की तिकडं जा.

पाण्यात उतरले. मी टॉवेल घेऊन कोरड्या वाळूवर. तो मुलगा लेकीच्या मागं उभा राहिला, फळीच्या शेपटाला हात लावून. आण्णा शेजारी, दोन हातांवर. लाटा एकामागं एक येत होत्या आणि मुलगा ओरडत होता, "राव! राव! राव!"

आमच्याकडं 'राव' म्हणजे माणसाला मारलेली हाक. काय राव, चला राव. आण्णांना वाटलं आपल्याला बोलावतोय, हुरूप देतोय. त्यांनी विहिरीत सूर मारावा तशी झेप घेतली, छाती फळीच्या पार पुढं. लाट अजून फुटायची होती. फळीचं नाक बुडालं, मागून लाट त्यांच्या अंगावर कोसळली, दोन पाय आभाळात दिसले आणि नुसता फेस. मी धावलो, घोट्याएवढ्या पाण्यापाशी थांबलो. तिथून पुढं पाय गेले नाहीत माझे. वडील पाण्यात आणि मी काठावर, ती घटका मी विसरणार नाही.

मुलानं तोवर त्यांना दंड धरून उभं केलं होतं. आण्णांच्या नाकातोंडातून पाणी येत होतं. डोळ्यांत जे होतं ते मी त्यांच्यात आधी पाहिलं नव्हतं. ते मला ओळखीचं होतं.

"काका, मी राव म्हणालो."

"ऐकलं की. म्हणून तर गेलो."

मुलाला कळेना. मग लेकीनंच विचारलं, "दादा, राव म्हणजे काय?"

"राव म्हणजे थांब. अजून वेळ आहे. जा म्हणायचं तेव्हा मी वच म्हणतो."

आण्णा थोडा वेळ कमरेएवढ्या पाण्यात नुसते उभे राहिले. मग वळून लेकीच्या मागं जाऊन उभे राहिले, रांगेत दुसरे. नऊ वर्षांची पोर पुढं, सहासष्ट वर्षांचा माणूस मागं. "सांग रं," ते त्या मुलाला म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

त्यापुढचा तास मी डोळे भरून पाहिला. आण्णा थांबत होते. आमच्या शिवाराला थांबणं काय शिकवायचं? खडकवासल्याहून निघालेलं कालव्याचं पाणी टेलच्या गावांपर्यंत यायचं तर वरच्यांची पाळी व्हावी लागते. आण्णांनी रात्र-रात्र बॅटरी घेऊन पाटावर काढल्यात, पाणी आलं की बारं द्यायचं, तोवर बसायचं. एकदा 'राव'चा अर्थ कळल्यावर ते समुद्रातही तसेच उभे राहिले. लाटेकडं नजर, पाठ तिच्याकडं न करता. एक सोडली, दुसरी सोडली, पाच-सहा सोडल्या. मग फुटून आलेला रुंद पांढरा फेस, आणि ते फळीवर कंबर टेकवून, नाक उचलून निघाले. पार वाळूला लागेपर्यंत. उठले ते हातातली फळी अशी धरून, जशी पहिल्या वासराला धरतात.

लेकीची गोष्ट वेगळी. तिच्या फळीला हात लावून मुलगा विचारत होता, "जायचं?" ती मान हलवून नाही म्हणाली की लाट सोडून द्यायची. अशा किती सोडल्या! मी काठावर उतावीळ झालो, त्यानं एकदा ढकलावं असं मलासुद्धा वाटलं, हे खरं सांगतो. त्यानं हात लावलेला होता, पण ढकललं नाही. शेवटी तीच ओरडली, "आत्ता!" आणि तेव्हा त्यानं नेमका रेटा दिला. ती फेसावरून माझ्या पायापर्यंत आली, आणि उठून पुन्हा आत पळाली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

फळ्या परत देताना मुलानं मला विचारलं, "तुम्ही नाही आलात?"

"त्याला नको," आण्णाच बोलले. "त्याला पहिल्यापासनं पाण्याची भीती."

"कशाची भीती?" तो मला विचारत होता, आण्णांना नाही.

मी सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, परका माणूस होता म्हणून असेल. थारोळं, डबा, पाठीवरचा हात, सरकलेली दोरी. "मला विचारलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो," एवढंच शेवटी म्हणालो. आण्णा फळीवरची वाळू धूत होते. ती केव्हाच निघाली होती, तरी धूत होते.

परतीच्या वाटेवर आंबोलीपासून फलटणपर्यंत ते काही बोलले नाहीत. फलटण मागं पडल्यावर म्हणाले, "दोरी मी सैल बांधली व्हती." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसले.

हिवाळ्यात ऊस तुटून गेला. उन्हाळ्यात कालव्याला आवर्तन सुटलं, विहिरीला पाझर आला, पाणी पायऱ्या चढायला लागलं. सुट्टी लागल्यावर पोरं आली कॅन घेऊन. आण्णा थारोळ्यावर चढले नाहीत. आत उतरून, पाण्यातल्या पायरीवर छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले. आधी प्रत्येक पोराला काठावर पालथं झोपवून पाय मारायला लावले. पोरांच्या आया वरून बघत होत्या, आज आण्णांना झालंय काय म्हणून. एकाला चार दिवस लागले पाण्यात अंग टाकायला. चार दिवस ते उभे राहिले.

पाचव्या दिवशी, पोरं गेल्यावर, मी कॅन बांधून खाली उतरलो. दोरी मीच आवळली, आणि आण्णांनी ती दोनदा ओढून पाहिली. लेक पलीकडं बिनकॅनची पोहत होती. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. भिंतीतले पारवे उडाले. पुढं पायरी नव्हती. पायाखालचा दगड मी बोटांनी घट्ट धरला होता.

आण्णांचा हात उठला. जुनी सवय. माझ्या पाठीला लागणार तेवढ्यात पलीकडून लेकीचा आवाज आला, "आबा, राव."

हात तिथंच थांबला. मग हळूच पाण्याखाली गेला आणि माझ्या पोटाखाली येऊन टेकला, नुसता.

वर लाईट गेली. मोटारीचा आवाज बंद झाला आणि पाणी हलायचं राहिलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आण्णांनी काही विचारलं नाही, पायही बदलला नाही.

"आण्णा," मी म्हणालो, "आत्ता."