पिकअप

काही इंग्रजी शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि घरजावई होऊन राहतात. 'पिकअप' हा त्यांतलाच एक. आमच्या बीड जिल्ह्यात त्याचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ म्हणजे मागे उघडा हौदा असलेली, दूध, कांदे, शेळ्या, वऱ्हाडी आणि गणपती या सर्वांना सारख्याच उदार मनानं वाहून नेणारी गाडी. दुसरा अर्थ म्हणजे गाडीच्या अंगातली झेप. 'पिकअप नाही' हे वाक्य गॅरेजात ऐकू आलं तर ते गाडीबद्दल असतं आणि आमच्या शाखेत ऐकू आलं तर कॅश काउंटरवरच्या माणसाबद्दल. तो माणूस मी आहे.

या शब्दाचं सरळ मराठी करायला जावं तर 'उचल' हा शब्द हाती येतो, आणि आमच्याकडे तो हसण्यावारी नेता येत नाही. दसरा झाला की जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. निघण्याआधी मुकादमाकडून जी रक्कम अंगावर घेतात ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा. बँकेतही मंजूर कर्जातून रक्कम काढली की तिला आम्ही उचलच म्हणतो. म्हणजे गाडी, झेप आणि कर्ज हे तिघं एकाच आडनावाचे. ते तिघं एका छपराखाली नांदायला आले की काय होतं, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आमची एक चुलत बहीण केज तालुक्यात दिली आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. आक्का आणि दाजी यांनी पंधरा हंगाम कोयता चालवला. मग पोरगा हाताशी आला आणि त्यानं कर्ज काढून पिकअप घेतली. (शाखा माझी नव्हे. नातेवाइकांचं कर्ज आणि स्वतःचा रक्तदाब हे दुसऱ्यानं तपासलेलं बरं.) त्या दिवसापासून घरातली मुकादमाची उचल बंद झाली आणि हप्ता सुरू झाला. गाडी पहाटे दुधाचे कॅन नेते. दिवाळीच्या आगेमागे सीताफळं नेते, भौगोलिक मानांकन मिळालेली. मानांकन फळाला मिळालं, खड्डे गाडीला.

तर हा भाचा परवा म्हणाला, "मामा, गाडी शर्यतीला तयार करायलोय."

शर्यत मोठी नव्हती. चारदोन मित्र, त्यांच्या चारदोन गाड्या आणि त्यांच्यापैकीच एकाच्या मालकीचा मुरमाड माळ. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, इशारा झाला की सरळ सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कोण आधी संपवतो ते पाहायचं. सार्वजनिक रस्त्यावर हे केलं तर मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाखाली तो गुन्हा होतो, हे मी मामाच्या नात्यानं ऐकवलं. "म्हणून तर माळ," तो म्हणाला. सीटबेल्ट आणि ब्रेक यांचं काम त्यानं आधीच करून घेतलं होतं. ४०२ मीटरनंतर थांबायचंही असतं, हे ज्याला सुटण्याआधी सुचतं त्याला कर्ज द्यायला हरकत नाही.

या खेळाला ड्रॅग रेसिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी तो कोरड्या तळ्यांवर आणि विमानांच्या धावपट्ट्यांवर वाढवला. सांता आना इथल्या विमानतळावर १९५० साली पट्टी सुरू झाली, १९५१ साली वॉली पार्क्स या गृहस्थांनी राष्ट्रीय संघटना काढली आणि १९६३ पासून सुटण्याच्या इशाऱ्याला दिव्यांचा खांब आला. पिकअपच्या देहाच्या गाड्यांनाही तिथं १९९८ ते २००१ अशी चार वर्षं स्वतंत्र वर्ग होता. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. तिकडच्या सर्वांत वेगवान गाड्या २००८ पासून हजार फूटच पळतात आणि ते अंतर चार सेकंदांच्या आत संपवतात. आमच्या जिल्ह्याला ही घाई परवडत नाही. नव्वदच्या दशकात मंजूर झालेली रेल्वे बीडला पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

तयारीचं पहिलं कलम असं की गाडी हलकी करायची. भाच्यानं स्टेपनी काढली. जॅक, पान्यांची पेटी, ताडपत्री, दोरखंड काढले. शेजारचं सीट काढलं. मागचा फाळका काढला. डॅशबोर्डवरच्या गणपतीला मात्र हात लावला नाही, देवाचं वजन धरायचं नसतं. शर्यतवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: लागणारा वेळ हा वजन भागिले अश्वशक्ती याच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. घनमूळ पाहून कॉमर्सचा पदवीधर खुर्ची मागे सरकवतो, पण मी आकडे मांडले. सतराशे किलोची गाडी, पंचाहत्तर अश्वशक्ती, म्हणजे एकवीस सेकंदांच्या आसपास. शंभर किलो उतरवले तर वाचतात चार दशांश सेकंद. एवढ्यासाठी फाळका काढायचा! चार दशांश सेकंदांत आमच्या बँकेत शिक्कासुद्धा उचलून होत नाही.

आता नीतीचा प्रश्न. जी गाडी ओझं वाहण्यासाठी जन्मली तिनं सगळं ओझं टाकून नुसतं पळावं, हे योग्य आहे का?

हा प्रश्न सॉक्रेटिसाच्या ओळखीचा आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात तो विचारतो की प्रत्येक वस्तूचं म्हणून एक काम असतं ना? घोड्याचं असतं, डोळ्याचं असतं. द्राक्षाची वेल सुरीनंही छाटता येईल, पण त्यासाठीच घडवलेल्या कोयत्यानं ती जशी छाटली जाते तशी दुसऱ्या कशानं नाही. ते काम उत्तम करण्यातच त्या वस्तूचा गुण. अथेन्सच्या माणसानं उदाहरण कोयत्याचं घ्यावं, याचं मला बीडकर म्हणून बरं वाटलं. त्याच्या हिशेबानं पिकअपनं दूध वाहावं, शर्यत हा तिचा धर्म नव्हे.

आमच्याकडे हाच वाद बैलांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठवाडा-विदर्भात शंकरपट म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत. ७ मे २०१४ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की बैलाची शरीररचनाच अशा खेळांसाठी झालेली नाही, आणि शर्यती थांबल्या. महाराष्ट्रानं २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बैलाला वेदना असतात, म्हणून तो प्रश्न न्यायालयात गेला आणि जायलाच हवा होता. पिकअपला वेदना नसतात. तिच्या वेदना मालकाला होतात, तेही गॅरेजचं बिल आल्यावर. तेव्हा हा खटला आक्काच्या ओसरीवर चालला.

सॉक्रेटिसाची बाजू मी मांडली. अर्थात त्याचं नाव न घेता, नाहीतर आक्कानं तो कोणत्या शाखेत असतो म्हणून विचारलं असतं. म्हटलं, आक्का, गाडी माल वाहायला घेतली, हा रिकामी पळवतोय. कशासाठी?

आक्का शेंगा फोडत होती. म्हणाली, "पळवू दे की. त्याच्या बापानं जलमभर मोळ्या उचलल्या. मी डोक्यावर मोळी आन् पोटात हे पोरगं घेऊन ट्रकच्या फळीवर चढले. आमच्या घरात रिकामं पळायला मिळालेलं हे पहिलंच माणूस हाय."

यावर सॉक्रेटिसाच्या वतीनं मला काही बोलता आलं नाही. कोयत्याचं काम काय हे त्यानं विचारलं, पण कोयता धरणाऱ्याचं काम तेवढंच का, हे आक्कानं विचारलं. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या उपयोगच आला त्याला चार घटका निरुपयोगी होण्याचा हक्क आहे, हे मला तिथंच पटलं.

पण खटला संपला नव्हता, कारण एक पक्षकार हजर नव्हता. बँक. गाडीच्या आरसीवर बँकेची नोंद असते. जमिनीच्या सातबाऱ्यावर कर्जाची अशीच नोंद चढली की तिला आपल्याकडे 'बोजा' म्हणतात. कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायचा असतो, चढवायला एक चक्कर लागते आणि उतरवायला सहा. भाच्यानं स्टेपनी उतरवली, सीट उतरवलं, पण हा बोजा कुठल्याच पान्यानं निघत नाही. तराजूत त्याचं वजन शून्य भरतं. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा तो किती भरतो, ते कर्जदाराला विचारावं.

शर्यतीच्या आदल्या रविवारी माळावर चाचणी होती. मीही गेलो. गाडी हलकी फूल झालेली. भाच्यानं पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. मुरूम उडाला, धूळ उडाली, एवढा आवाज झाला की माळावरच्या शेळ्या पांगल्या, आणि गाडी होती जवळपास तिथंच.

भाच्याचा मिस्त्री म्हातारा आणि कमी बोलणारा. त्यानं बिडी विझवली आणि हौद्यात मागच्या आसावर वाळूची दोन पोती ठेवली, दोरखंडानं घट्ट आवळून. तोच दोरखंड, जो काढून टाकला होता. गाडी या वेळी सुटली ती सरळ.

नंतर त्यानं समजावलं. पिकअपचं इंजिन पुढे, केबिन पुढे, माणूस पुढे. ढकलतात मात्र मागची चाकं. मागे माल असेल असं धरूनच ती बांधलेली असते. माल काढला की मागच्या चाकांवर वजन उरत नाही, आणि वजन नसलं की जमीन धरता येत नाही. इंजिनाची ताकद सगळी धुळीत जाते. "मग चार पोती टाकू का?" भाच्यानं विचारलं. मिस्त्री म्हणाला, "चार टाकलीस तर दूधच भर की. पकड येईल एवढंच वजन. आन् ते मागं. हेच पोतं पुढं ठेवलंस तर नुसतं ओझं."

मला वाटतं, सॉक्रेटिस आणि आक्का यांच्या भांडणाचा निकाल त्या वाक्यात आहे. तरी तो निकाल मी जपूनच सांगतो. ओझ्यामुळे आयुष्याला पकड येते, हे वाक्य बँकेतल्या माणसानं उच्चारलं की ऐकणाऱ्यानं खिसा चाचपावा. मुकादमही हेच म्हणतो: उचल अंगावर असली की गडी कामाला टिकतो. ओझ्याची महती सांगणारे बहुधा ते चढवणारे असतात.

म्हणून पोत्याकडे नीट पाहायला हवं. ते भाच्याच्या राजीखुशीनं चढलं. किती ठेवायचं हे ठरवता आलं. चालवणाऱ्या चाकावर ठेवलं. आणि धाव संपली की ते उतरवता येतं, त्यासाठी कुठल्या कार्यालयाच्या सहा चकरा नाहीत. आक्काच्या उचलीत यातलं काहीच नव्हतं. ती हंगामाच्या आधीच अंगावर यायची, किती फिटली हे दुसऱ्याच्या वहीत लिहिलेलं असायचं, आणि कधीकधी ती पुढच्या हंगामावर जाऊन बसायची. असं वजन पकड देत नाही, नुसतं दाबून धरतं. दोन्ही वजनं किलोत सारखी भरली तरी एकाला जबाबदारी म्हणायचं आणि दुसऱ्याला जोखड. हा फरक न करता तरुणांना 'जबाबदारी घ्या' म्हणून सांगत सुटणं म्हणजे पुढच्या बाजूला पोती रचणं.

आणि हप्ता? तो कुठल्या खात्यात धरायचा? मी भाच्यालाच विचारलं. तो थोडा थांबून म्हणाला, "मामा, दूध चालू हाय तवर तो मागं हाय. दूध बंद पडलं की पुढं येईल." कर्जाचं धोरण ठरवणाऱ्या वरिष्ठांनी टिपून ठेवावं असं हे उत्तर होतं.

शर्यतीत भाचा एकूण सहा गाड्यांत तिसरा आला. बक्षीस पहिल्या दोघांनाच होतं. संध्याकाळी फाळका, स्टेपनी, सीट आपापल्या जागी गेली आणि पहाटे चार वाजता गाडी दुधाला निघाली. वाळू आक्कानं ठेवून घेतली. न्हाणीघराच्या ओट्याला लागणार होती.

वाहनकर्जाच्या अर्जात 'वाहनाचा उपयोग' असा एक रकाना असतो. सगळे तिथं 'मालवाहतूक' लिहितात, आणि वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ते खरं असतं. उरलेल्या एका दिवसासाठी ओळीच्या शेवटी थोडी जागा मोकळी उरते. बँकेच्या शिस्तीप्रमाणे मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारायची असते, मागाहून कुणी काही लिहू नये म्हणून. हल्ली असा अर्ज समोर आला की तिथं माझं पेन जरा रेंगाळतं. मागच्या रांगेतून आवाज येतो, "साहेबांना आज पिकअप नाही वाटतं."