भविष्याची पावती

शिंप्याने विजार आखूड शिवली, तर ती घेऊन त्याच्या दुकानात जाता येतं आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या टेबलावर आपटता येते. नळवाल्याने नळ होता त्याहून बिघडवून ठेवला, तर त्याला शोधून काढता येतं. निदान शोधायला निघता तरी येतं. डॉक्टरसुद्धा औषध लागू पडलं नाही की गोळ्यांचा रंग बदलून देतात. पण भविष्य सांगणाऱ्याने दिलेलं भविष्य आखूड निघालं, तर ते घेऊन कुणाकडे जायचं? "अहो, मार्चमध्ये बढती होईल म्हणाला होतात. मार्च गेला, साहेब बदलला, मी मात्र त्याच मोडक्या खुर्चीत आहे," असं म्हणत कुणी ज्योतिषाच्या दारात पैसे परत मागायला गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट माणूस पुन्हा जातो, तो पुढच्या मार्चचं विचारायला!

या विषयात मी जाणकार नव्हे, पण अनुभवी आहे. स्वतःसाठी नाही हो, सोबत म्हणून. आमच्या घरात ज्याला त्याला एकेक काम नेमून दिलेलं आहे. थोरले बंधू लग्नकार्यात भाषण करतात, वहिनी भांडणं मिटवतात (आणि मिटवायला कमी पडू नयेत म्हणून अधूनमधून लावूनही देतात), आणि मी सोबत जातो. त्यामुळे पोपटवाल्यापासून पत्रिकावाल्यापर्यंत आणि हस्तसामुद्रिकापासून हल्लीच्या टॅरो कार्डवालीपर्यंत सगळ्यांच्या सतरंज्या, खुर्च्या आणि सोफे मी झिजवलेले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की या मंडळींत मुख्य दोन जाती. एक अडाणी आणि दुसरी लबाड. पोपटाला मी यात धरत नाही. तो दाण्यासाठी पाकीट ओढायचा आणि ही गोष्ट त्याने कधी लपवलीही नाही.

अडाण्याचा नमुना मला एका ग्राहकपेठेत भेटला. एका बाजूला पोह्यांचे पापड, दुसऱ्या बाजूला खादीचे कुर्ते आणि मध्ये जांभळा पडदा लावून बसलेली एक टॅरोवाली मुलगी. माझ्या पुतणीला नोकरीचं विचारायचं होतं. मुलीने पत्ते पिसले, पुतणीला एक ओढायला सांगितला आणि उलटून पाहते तो पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा! "अगंबाई!" असं जे कुणी ओरडलं ते माझी पुतणी नव्हे, ती टॅरोवालीच. मग तिने टेबलाखालून एक पुस्तक काढलं, अनुक्रमणिका पाहिली, बोट फिरवलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "मृत्यू नाही हं. बदल."

"कसला बदल?" पुतणीने विचारलं.

"पुस्तकात एवढंच दिलंय," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा इतका निष्पाप होता, की मलाच तिच्या नोकरीची काळजी वाटायला लागली. पाचशे रुपये दिले. पाकिटात बदल झाला, तेवढं भविष्य मात्र तिथल्या तिथे खरं ठरलं.

लबाडाकडे मी ऑफिसातल्या एका मित्राबरोबर गेलो होतो. बाहेरच्या खोलीत आणखी एक गृहस्थ बसले होते. फार बोलके. कुठून आलात, कशासाठी, बदली कुठे झाली, आईला काय होतंय, सगळी आपुलकीने चौकशी. आत गेल्यावर महाराजांनी डोळे मिटले आणि "बदली... आणि आईची चिंता" असं म्हटलं. मित्र घामाघूम! त्या बोलक्या गृहस्थांचा नंबर आमच्या आधी असूनही ते आत का गेले नाहीत, हा प्रश्न त्याला पडला नाही. महाराजांनी वीस मिनिटं त्याच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. इतकं टक लावून त्याच्याकडे त्याच्या बायकोनेही कधी पाहिलं नसेल. मग शनी निघाला, शनीतून अंगठी निघाली, आणि अंगठीतून अकरा हजार निघाले. गंमत पुढेच आहे. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "काही म्हण, माणसाने माझं ऐकून घेतलं."

आता या टॅरोचं म्हणाल, तर हे 78 पत्ते जन्माला आले ते भविष्य सांगायला नव्हे, डाव मांडायला. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत लोक हे पत्ते खेळत. फ्रान्समध्ये अजूनही खेळतात. 1781 साली फ्रान्समधल्या कूर द जेबलँ नावाच्या एका विद्वानाने जाहीर केलं, की यात प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान दडलेलं आहे. इजिप्तची चित्रलिपी वाचण्याची किल्ली सापडली ती 1822 साली. म्हणजे लिपी लागण्याच्या 41 वर्षं आधीच यांनी मजकूर सांगून टाकला होता! उद्या आपल्या तीनशेचारच्या पत्त्यांत कुणाला वेदांतला काही अर्थ सापडला, तर मी आश्चर्य करणार नाही. इस्पिकच्या गुलामाकडे पाहून मला कधी कधी तसं वाटतंही.

पत्रिकेचं काय, असं कुणी विचारील. 2008 साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक साधी परीक्षा घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर गतिमंद मुलं, यांच्या पत्रिका. कुणाची कुठली ते ज्योतिषांनी ओळखायचं. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. सरासरी शंभरात सुमारे 46 बरोबर. नाणं उडवून शंभरात पन्नास जमले असते, आणि नाणं दक्षिणाही मागत नाही.

मग लोकांना पटतं कसं? तर 1948 साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी चाराच्या वर गेली. वर्णन सगळ्यांना एकच होतं! त्यातली बरीचशी वाक्यं त्याने एका बाजारी भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. "तुमच्यात गुण पुष्कळ आहेत, पण त्यांचं चीज झालं नाही" हे वाक्य तुम्ही आमच्या आळीतल्या कुठल्याही घरात शिरून म्हणा, तुम्हाला चहा मिळेल. आमच्या घरी तर पोहेसुद्धा.

इथपर्यंत सगळा हसण्यावारी नेण्याचा मामला आहे. आणि आमचे एक स्नेही तसंच म्हणतात, "अहो, पाचशे रुपयांत माणसाला चार दिवस बरं वाटतं. सिनेमालाही तेवढे जातात. बिघडलं कुठे?" कायद्यानेही बिघडलेलं नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने नरबळीपासून कितीतरी गोष्टी गुन्हा ठरवल्या, पण जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांच्या सल्ल्याला हात लावलेला नाही. तेव्हा बिघडलं कुठे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी ते माझ्या मावशीवरून ठरवलं.

मावशीचा मुलगा 1987 साली, दहावीच्या निकालाच्या दिवशी, घरातून निघून गेला. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नातेवाइकांची गावं पालथी घालून झाली. मग मावशी भविष्यवाल्यांकडे वळली आणि मी सोबतीला. पहिल्याच गृहस्थांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "उत्तरेला आहे. सुखरूप आहे. चैत्रात येईल."

कुठल्या चैत्रात, ते मावशीने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चैत्राची ही सोय आहे, तो दर वर्षी येतो.

तेव्हापासून मावशीचं वर्ष चैत्राभोवती फिरायला लागलं. फाल्गुनात त्याची गोधडी धुऊन वाळत पडायची. पाडव्याची गुढी चाळीच्या गॅलरीत अशा टोकाला उभारायची, की गल्लीच्या तोंडापासून दिसावी. महिनाभर दाराला आतून कडी नाही. आणि महिनाभर मावशी घर सोडायची नाही. तिच्या मुलीला नागपूरला पहिली मुलगी झाली, ती नेमकी चैत्रात. मावशी बारशाला गेली नाही. "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?" म्हणाली. मुलीने ते समजून घेतलं असं सगळे म्हणतात. पुढे तीन वर्षं ती माहेरी आली नाही, हे मात्र कुणी म्हणत नाही. वैशाख लागला, की मावशी अंथरूण धरायची. असे अकरा चैत्र मी मोजले. पुढे मोजणं सोडलं.

मावशीचे यजमान म्हणायचे, "राहू दे रे. तेवढंच तिला समाधान." पण वैशाखात तिच्या उशाशी मी बसलेलो आहे. ते समाधान कसलं होतं ते मला ठाऊक आहे.

मावशी सत्तरीच्या पुढे गेल्यावर कुणीतरी तिला एका टॅरोवालीचं नाव सांगितलं. गेलो. चाळिशीची बाई, साधी खोली, जांभळा पडदा नाही. तिने पत्ते मांडले, मावशीकडे पाहिलं आणि पत्ते तसेच ठेवून मुलाबद्दल विचारायला लागली. कसा दिसायचा, काय खायचा, अभ्यासात कुठे अडायचा. मावशी तासभर बोलत होती. त्याला दोडका आवडत नसे, भूमितीचं पुस्तक तो उशीखाली ठेवून झोपे, असलं काहीबाही, जे आम्ही तीस वर्षांत तिला कधी बोलू दिलं नव्हतं. विषय निघाला, की आम्ही चहा ठेवत होतो. शेवटी बाईंनी पत्ते गोळा केले. "आजी, मला नाही सांगता येत. हे कुणालाच सांगता येणार नाही. पैसे ठेवा तुमच्याकडे."

निघताना मी हळूच विचारलं, "मग इतरांना सांगता ते?"

"इतर नोकरीचं विचारतात, जागेचं विचारतात," त्या म्हणाल्या. "ते चुकलं तर चुकलं. हे चुकलं तर त्यांच्याजवळ कोण असणार आहे?"

जिना उतरताना मावशी म्हणाली, "हिला काही येत नाही रे. शिकाऊ दिसते." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "बोलायला मात्र बरी आहे."

इतक्या वर्षांत खरं बोललेली ती एकच, आणि आमच्या मावशीच्या हिशेबात ती नापास! आता मी काही त्या बाईंचा पुतळा उभारा म्हणत नाही. नोकरीचं विचारणाऱ्यांकडून त्या पैसे घेतच होत्या. पण आपलं खोटं कुठे थांबवायचं, हे त्यांना कळत होतं. आणि त्या दिवसापासून मला अडाणी आणि लबाड ही वाटणी अपुरी वाटायला लागली.

कारण खोटं कोण बोलत नाही? लहान मुलाला इंजेक्शन द्यायचं असलं, की आई "मुळीच दुखणार नाही" म्हणते. धडधडीत खोटं! पण दुखायला लागतं तेव्हा पोराचा हात तिच्याच हातात असतो, ते तिच्याच खांद्यावर रडतं आणि तिलाच चार गुद्दे घालतं. आपल्या खोट्याची पावती तिने अशी आधीच फाडून दिलेली असते. चैत्रात येईल म्हणणारे गृहस्थ वैशाखात कुठे होते? ते अडाणी होते की लबाड, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित दयाळूही असतील. मावशीचा चेहरा पाहून त्यांना "नाही" म्हणवलं नसेल. पण आशा द्यायची, वर तिला महिना जोडायचा, आणि तो महिना उलटल्यावर आपण तिथे नसायचं, हे मात्र दयाळू माणसालाही माफ नाही. धीर देणाऱ्याचं खोटं एकच वेळ चालतं, ते खोटं पडेल तेव्हा तो शेजारी बसणार असेल तर.

मावसभाऊ आला नाही. मावशी गेली ती श्रावणात.

हे सगळं मी ज्योतिषांवर ढकलून मोकळा झालो असतो. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" असं आपण सगळेच म्हणतो. म्हणतो आणि लोकल गाठायची म्हणून निघतो. पत्ते नाहीत, पोपट नाही, दक्षिणाही नाही, पण भविष्य सांगितलं ते सांगितलंच. ते म्हणू नये असं मी म्हणत नाही. बाकावर बसलेल्याला ते हवंच असतं. फक्त हल्ली तसं म्हणण्याआधी मी मनातल्या मनात कालनिर्णयाचं पान उलटतो आणि बघतो, वैशाखात आपल्याला सवड आहे ना.