वाकळीतलं लुगडं

कुंभार संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला मी लातूरहून तेरला गेले, की रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातही डोकावते. भाजलेल्या मातीच्या बाहुल्या, मणी, ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती. मागच्या खेपेला मनात आलं, ज्या मालासाठी हे गाव दूरदेशी ठाऊक होतं, तो माल मात्र इथं कुठंच नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे हेच तेर, येतं ते कापडासाठी. साधं सुती कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल इथून गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. काकांच्या गावात कुंभाराची माती टिकली, विणकराचं सूत मातीत गेलं.

सगळा दोष मातीला तरी कसा द्यावा? माझ्या आजीकडे मोजकी इरकली लुगडी होती, लाल रेशमी पदराची. लुगडं मधोमध विरलं की ती दंड घालून नेसायची. त्यानंतर त्याची बाळाची दुपटी व्हायची, मग वाकळ, आणि शेवटी चुलीपुढचं पोतेरं. धागा वाया घालवणं तिला पाप वाटे. ज्या घरात कापड असं शेवटपर्यंत वापरलं जातं, तिथून संग्रहालयात जायला काय उरणार?

तरी दुसरीकडे हे जमलं आहे. मेक्सिकोतल्या ओआशाका शहरात 2008 साली खास कापडाचंच संग्रहालय उघडलं. तिथल्या बायकांचा हुइपिल हा सैलसर अंगरखा. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर तो विणतात, आणि नक्षीवरून जाणकार घालणारीचं गाव ओळखतात. त्या बायकाही काही श्रीमंत नव्हेत. पण रोजच्या कपड्यालाही इतिहास असतो, हे तिथं कुणाला तरी वेळेवर सुचलं.

आपल्याकडे सांगण्यासारखं कमी नाही. उदगीरला विणलेल्या खादीचे तिरंगे नांदेडला शिवले जातात. पण 2021च्या अखेरीस ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरच्या पॉलिस्टरच्या झेंड्यालाही मुभा मिळाली. किनवट-माहूरकडच्या बंजारा तांड्यांवर आरसे-कवड्यांचा फेट्या, म्हणजे घागरा, आणि कांचळी, म्हणजे चोळी, म्हाताऱ्यांच्या अंगावर दिसते, नातींच्या अंगावर सणासमारंभापुरती. या साऱ्याचा एकेक नमुना नांदेड-लातुरात एका दालनात, नीट नोंदीसह मांडला, तरी आपल्या मुलखाचं कापड आपल्या मुलांना बघायला मिळेल.

दालन होईल तेव्हा होईल. तोवर पेटीतलं एक तरी जुनं लुगडं कापू नका. सुती फडक्यात गुंडाळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि सोबत चिठ्ठी लिहा: कुणाचं, कुठल्या बाजारातून घेतलं, कोणत्या कार्याला नेसलं. माझ्या वाकळीच्या आतल्या थरात आजीच्या इरकलीचा काठ अजून आहे, पण तो कोणत्या लुगड्याचा, हे सांगायला आता आजी नाही.